अलासिरी साडेदहाला संपते

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी १ वाजून १० मिनिटं, म्हणजे सूर्य उगवून तासभर झालाय.
रोजनिशी सुरू. वही जुनीच आहे, फेरीबोटीच्या ऑफिसातली, पण निम्मी कोरी आहे. रुकियाची आई परवा दार-एस-सलामला गेली. लेकीचं बाळंतपण, चाळीस दिवस. घरात मी एकटा. शिस्त आणायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळायची नाही. अडतीस वर्षांत या घराला टाइमटेबल नव्हतं. आता असेल.
१. अल्फजिरीला, म्हणजे पहाटेच्या बांगेआधी, उठणे.
२. स्वयंपाक स्वतः करणे. (यात अवघड काही नाही.)
३. फेरीबोटीच्या वेळांवर लक्ष ठेवणे. रिटायर झालो म्हणून डोळे मिटून बसायचं नाही.
४. आपण होऊन दारला फोन न करणे. तिकडे त्या कामात असतील. उगीच त्रास नको.
आज उठायला दोन तास उशीर झाला. कारण: कोणी उठवलं नाही. उद्यापासून लागू.

त्याच दिवशी, संध्याकाळी १२.
भात खाली लागला, वर कच्चा राहिला. मधला चांगला होता. साधारण दोन घास.
सकाळची बोट दोन मिनिटं लेट. मी गेल्यापासून पांगानीच्या धक्क्यावर ही परिस्थिती आहे. नोंद केली.

५ सप्टेंबर, शुक्रवार. मघारिबीनंतर.
आज एक प्रकार घडला. मघारिबीच्या नमाजासाठी निघालो, सूर्य बुडायच्या बेतात होता. मशिदीपाशी पोचल्यावर लक्षात आलं, टोपी घरीच राहिली. (ती रोज दाराशी हातात मिळायची, त्यामुळे आठवण ठेवायची सवय नाही.) परत आलो तर शेजारची बी सौमू माझ्या दाराच्या कडीला हात घालून उभी! मी विचारलं, काय हवंय? तर म्हणाली, "काही नको हो रुकियाचे बाबा. रुकियाच्या आईनं सांगून ठेवलंय, संध्याकाळी जरा त्यांच्या घड्याळाकडे बघत जा म्हणून."
मी म्हणालो, घड्याळाकडे बघायला घरात माणूस आहे. एकतीस वर्षं घड्याळाकडेच बघत आलाय तो.
ती म्हणाली, "बघता हो तुम्ही. तुमच्या बघण्याबद्दल कुठं काय म्हणतेय मी."
बायकांचं हे असं. कोणी एकटा राहिला की त्याच्या घरात काय चाललंय ते बघायचं असतं. ऊद किती उरला, साखर किती उरली. कुलूप आणलं. यापुढे बाहेर जाताना कुलूप.
रुकियाला मुलगा झाल्याचा फोन आला होता. तिच्या आईशी बोलणं झालं नाही, ती बाळाला अंघोळ घालत होती. मी म्हणालो, असू दे, मीही कामात आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ८.
बोट नऊ मिनिटं लेट.
धक्क्यावर जाऊन जुंबेला सांगितलं. जुंबे म्हणजे माझ्या जागी आलेला इसम. वय तीस, पोट पन्नाशीचं. त्यानं खिशातून फोन काढून दाखवला. फोनात सकाळचे सात वाजलेले! आता सूर्य उगवून एक तास झाला म्हणजे एक वाजला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. याच्या फोनात तेव्हा सात. मधले सहा तास कुठून आणलेस, असं विचारलं तर हसतो. म्हणाला, "म्झे सेफू," (म्झे म्हणजे वडीलधारा, एवढा मान देतो) "सहा वजा करायचे. सगळी दुनिया करते." मी केले. तरी माझ्या मनगटावरच्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं कमी भरले. म्हणजे सहा तास चुकवूनही समाधान नाही, वर आणखी नऊ मिनिटं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. माणूस मुळात वाईट नाही.
कॉफीवाला माकामे म्हणाला, "म्झे, बसा, कॉफी घ्या. बोट कुठं पळून जातेय?" पळून जात नाही, हीच तर तक्रार आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ४.
आज भिंतीवरच्या घड्याळाची काच पुसली. हे घड्याळ आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. ते मुअज्जिन होते, मशिदीत बांग देणारे, वेळेची किंमत जाणणारे. (तो गुण मुलीत उतरला नाही. तिला कधी विचारा, किती वाजले? उत्तर: "अलासिरी झाली की." अहो, अलासिरी म्हणजे तिसरा प्रहर, पण नेमके किती? "आता कॉफी ठेवायची ना, ती.") दर शुक्रवारी चावी मी देतो. दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ याच्याशी लावून घराबाहेर पडलो, आणि माझ्या मनगटावर अख्खी फेरीबोट चालली. अडतीस वर्षांत एका मिनिटाची दुरुस्ती करावी लागली नाही. असं यंत्र आता बनत नाही. अशी माणसंही.
बोट चौदा मिनिटं लेट. मशीदही घसरली. काल दुपारच्या नमाजाला वेळेवर गेलो तर आत कोणी नाही. नमाज पढवणारे उस्तादही नाहीत. पाव तास एकटाच चटईवर बसलो होतो. पंख्याकडे बघत.

१८ सप्टेंबर, गुरुवार. अलासिरीला, ९ वाजून ५० मिनिटं.
तिसऱ्या प्रहराची कॉफी स्वतः केली. दोन कप झाली. अंदाज चुकतो. दुसरा कपही मीच प्यायलो, जरा वेळानं, समोरच्या खुर्चीत बसून. त्या खुर्चीतून गल्ली चांगली दिसते, हे इतकी वर्षं माहीत नव्हतं.
एकटेपणा वगैरे काही नाही. उलट वेळ अपुरा पडतो.

२१ सप्टेंबर, रविवार.
आज माकामेच्या बाकावर नव्या मंडळींना जुनी गोष्ट सांगितली. त्यांना शिस्त म्हणजे काय ते कळावं म्हणून. इथेही लिहून ठेवतो.
सात वर्षं झाली. नदीपलीकडे ब्वेनीला रुकियाच्या आईची थोरली बहीण वारली. ही दफनासाठी पलीकडे गेली होती. संध्याकाळची शेवटची बोट परत निघायची वेळ. मी बोटीवर, घंटेची दोरी हातात. बघतो तर ही उतारावरून पळत येतेय. अंगावर लपेटलेला खांगा सुटलेला, एका हातात चपला. दोन मिनिटं कमी पडत होती. सारंग माझ्याकडे बघायला लागला. सगळी बोट माझ्याकडे बघायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं आणि घंटा दिली.
स्वतःच्या बायकोसाठी थांबलो नाही. वरच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी हात मिळवला. ती रात्री पलीकडेच राहिली, बहिणीच्या घरी. दुसऱ्या दिवशी आली, अलासिरीला नेहमीसारखी कॉफी ठेवली. तिलाही पटलं होतं.
गोष्ट संपल्यावर नेहमी लोक वाहवा करतात. आज माकामेनं किटली उगाच घासायला घेतली. जुंबे म्हणाला, "आणि ती काठावर उभी राहिली?" मी म्हणालो, उभी राहिली असणार, मी मागे वळून बघितलं नाही, ड्युटीवर होतो.
हल्लीच्या लोकांना पॉइंट कळत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ३.
बोट चोवीस मिनिटं लेट. रेडिओवरच्या बातम्याही चोवीस मिनिटं लेट. सरकारलाच लेट व्हायचं असेल तर आपण काय बोलणार. सूर्यसुद्धा यंदा सावकाश मावळतोय, माझ्या हिशेबानं.
मनात एक मोठी योजना आली आहे. सगळ्या घोळाचं मूळ शब्दांत आहे. आमच्याकडे जो तो अल्फजिरी, अधुहुरी, अलासिरी, जिओनी असं मोघम बोलतो. "जिओनीला या," म्हणतात. संध्याकाळी म्हणजे किती वाजता यायचं? या शब्दांना कुंपण नाही. कुंपण घालायचं काम मी हाती घेतलं आहे. प्रत्येक शब्दाला सुरुवात आणि शेवट, मिनिटापर्यंत. तक्ता करून धक्क्यावर लावणार.

२९ सप्टेंबर, सोमवार.
तक्ता तयार. शाई निळी, शब्द लाल. मुख्य भाग असा:
अधुहुरी: दुपारी ६.१५ ते ७.३०.
त्यानंतर ९.२० पर्यंत नुसती दुपार.
अलासिरी: ९.२० ते १०.३०.
जिओनी: १०.३० ते मघारिबीच्या बांगेपर्यंत.
धक्क्यावर लावायला गेलो. मत विचारलं, चूक झाली. मासळीवाल्या बायका म्हणाल्या, पोरं दुपारची झोपून उठली की अलासिरी. माकामे म्हणतो, त्याची दुसरी किटली रिकामी झाली की. जुंबे म्हणतो, साहेब घोरायला लागला की. एक म्हातारा मचवेवाला म्हणाला, "बायको आठवायला लागली की अलासिरी, म्झे," आणि सगळे हसले. मीही हसलो, थोडंसं.
अशिक्षितपणावर उपाय नाही. तक्ता खांबाला खिळ्यानं ठोकला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी.
तक्ता शेळीनं खाल्ला. जिओनीपर्यंत.
दुसरी प्रत केली, ती उंच लावली.
बोट तेहतीस मिनिटं लेट. लेट-रजिस्टरची पानं संपत आली.
अल्फजिरीला उठण्याचा संकल्प पुढल्या महिन्यापासून धरायचा असं ठरलं आहे. महिना लागल्यावर सुरू केलेल्या गोष्टी टिकत नाहीत. सुकट तळताना हात भाजला. लावायचं मलम कुठे असतं ते विचारायला दारला फोन करणार होतो. पण नियम ४. शिवाय मलमाशिवायही बरं होतं, चार दिवस लागतात फक्त.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ५.
फोन आला! रुकियाचा. बाळ ठणठणीत. म्हणाली, "बाबा, चाळीस दिवस होतायत. आईला मी राहा म्हणतेय. इथे तिला बरं वाटतं. पण ती म्हणते एकदा जाऊन बघते."
मी म्हणालो, तिला पाहिजे तसं करू दे, इथे माझं काही अडलेलं नाही. किती वाजता येणार तेवढं सांग.
मागून रुकियाच्या आईचा आवाज आला, "अलासिरीला येते म्हणावं. शनिवारी."
मी म्हणालो, अलासिरी हे उत्तर नव्हे, मिनिट पाहिजे.
मग तिनं फोन स्वतः हातात घेतला. तब्बल सदतीस दिवसांनी. आवाज खाली गेला होता, किंवा लाइन खराब असेल. म्हणाली, "अहो रुकियाचे बाबा, ब्वेनीला बसमधून उतरेन आणि तुमच्या बोटीनं अलीकडे येईन. तुम्ही धक्क्यावर असलात तर तुमच्याबरोबर घरी येते, आणि राहते. नसलात तर माझ्या भाचीकडे, रेहेमाकडे, ब्वेनीला मुक्काम करून लेकीकडे परत जाईन, आणि मग मला बोलवू नका. माझी एवढीच मागणी आहे. एकदा माझ्यासाठी थांबा."
मी म्हणालो, त्यात काय मोठंसं, मी तर रोजच धक्क्यावर असतो.
ती म्हणाली, "हो. माहीत आहे," आणि फोन रुकियाला दिला.
बायकांना साधी गोष्ट गंभीर करून सांगायची सवय असते. मी धक्क्यावर नसेन असं होईल तरी कसं? एकतीस वर्षांत मी एकदाही लेट झालो नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
तयारी. घर झाडलं. कोपऱ्यात कोळ्यांची जाळी होती, ती आधीपासूनची असावीत. पांढरा पायघोळ कांझू धुतला, इस्त्री नीट जमली नाही, पुढून दिसत नाही. हलवा आणला, वेलचीचा, तिला आवडतो तो. (की रुकियाला आवडतो? दोघींपैकी एकीला नक्की.) उदाची डबी सापडेना. सौमूला विचारणार होतो, पण कुलपापासून आमचं बोलणं नाही.
सराव म्हणून आज अलासिरीला धक्क्यावर जाऊन उभा राहून आलो. कठीण नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
घड्याळाला चावी दिली. दोन वेळा तपासलं.
झोप लागली नाही. उकाडा.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ९.
निघतोय. बोट दहाची. मी नऊ वीसला तिथे असेन, म्हणजे अलासिरी सुरू होताना. संपेपर्यंत थांबेन. पूर्ण अलासिरी, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. याहून जास्त कोणी काय करेल?

त्याच दिवशी. १० वाजून ५० मिनिटं.
आली नाही.
नऊ वीसला पोचलो. माकामे म्हणाला, "म्झे, आज काय लग्न आहे का?" मी म्हणालो, काही नाही, सहज. दहा वाजले, बोट नाही. पलीकडच्या काठावर बोट दिसत होती, माणसं चढत होती की उतरत होती ते या डोळ्यांना कळेना. दहा वीस. बोट तिथेच. जुंबेला म्हणालो, दहाची बोट कुठे आहे? तो म्हणाला, "येईल की म्झे, अजून वेळ आहे तिला." वेळ आहे! वीस मिनिटं होऊन गेल्यावर म्हणे वेळ आहे!
साडेदहा वाजले. तक्त्याप्रमाणे अलासिरी संपली. मी आणखी एक मिनिट थांबलो. हे कोणाला सांगायचं नाही.
माकामे म्हणाला, "बसा हो. कोणाची वाट बघताय ते सांगा तरी." मी म्हणालो, कोणाची नाही, आणि निघालो. तिनं स्वतःच्या तोंडानं अलासिरी म्हटलं होतं. जिओनी म्हणाली असती तर जिओनीभर थांबलो असतो. शब्द तिचा होता, मी पाळला. इच्छा असती तर शब्दाप्रमाणे आली असती.
घरी आल्यावर, १० वाजून ४१ मिनिटांनी, धक्क्यावर बोटीची घंटा ऐकू आली. एकेचाळीस मिनिटं लेट! आजवरचा उच्चांक. रजिस्टरला नोंदवलं. परत जाऊन बघायचा विचार आला होता, पण नियम तो नियम. आणि त्या बोटीत असलीच तर घर तिला माहीत आहे. दार उघडं ठेवलं आहे. कुलूप काढून टेबलावर ठेवलं आहे.

मघारिबीनंतर.
दार अजून उघडंच आहे. आत मांजर आलं होतं.
हलवा निम्मा खाल्ला.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
माकामे घरी आला. चार वर्षांत पहिल्यांदा. हातात गाठोडं होतं, दारातच उभा राहिला. म्हणाला, "म्झे, तुम्ही मला सांगायचं होतंत हो. मी तुमचे पाय धरून बसवलं असतं."
ती आली होती. दहाच्या बोटीतून उतरली, डोक्यावर गाठोडं. सरळ माकामेच्या बाकाशी आली आणि इकडेतिकडे बघायला लागली. माकामेनं सांगितलं, म्झे आत्ताच गेले, दहा मिनिटं झाली असतील, घड्याळ बघितलं आणि गेले. तिनं विचारलं, "त्यांच्या घड्याळात किती वाजले होते?" माकामेनं माझ्या तोंडचं ऐकलेलं सांगितलं, साडेदहा. मग म्हणे तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "सौमू गेली नाही वाटतं घड्याळाकडे."
कॉफी घेतली. बाकावर बसून राहिली. माकामे म्हणाला, तुमच्या घरापर्यंत सोडू का? तर म्हणाली, "नको. घर मला माहीत आहे. वाट बघणारं कोणी आहे का ते बघायचं होतं." शेवटच्या बोटीनं ब्वेनीला परत गेली.
गाठोड्यात नारळाच्या पोळ्या, बाळाचा एक फोटो, आणि भाजल्यावर लावायचं मलम. मलमाचं तिला कोणी सांगितलं? मी तर फोन केलाच नव्हता. बहुतेक नुसता अंदाज. माझा स्वयंपाक गृहीत धरून.

दुपारी.
जुंबेकडे गेलो, भांडायलाच. एकेचाळीस मिनिटं! तुझ्यामुळे माझं... असं म्हणता म्हणता थांबलो. त्यानं रजिस्टर पुढे केलं. दहा म्हणजे दहा. बोट टेकली, घंटा झाली. फोन काढला, मी सहा वजा केले. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग मशिदीत गेलो, तिथलं बघितलं. मग रेडिओवाल्याच्या दुकानात. सगळे एक. माझं एकटं एकेचाळीस, आता बेचाळीस, मिनिटं पुढे.
तरी मी जुंबेला म्हणालो, सगळे मिळून चुकत असतील. तो हसला नाही. एरवी हसतो.

जिओनी.
बी सौमू ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिच्या ओट्याशी जाऊन उभा राहिलो. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. तिनंच सुरुवात केली.
"आलात? कडीला हात लावला म्हणून कुलूप आणलंत माझ्यासाठी. आणि मी चोरायला आले होते काय? तुमची मिनिटं?"
मी विचारलं, रुकियाच्या आईनं घड्याळाकडे बघ म्हणून का सांगितलं होतं.
"अहो, ते घड्याळ रोज मिनिटभर पुढे पळतं! पहिल्यापासून. तिच्या बापानं देतानाच सांगितलं होतं तिला, रोज मघारिबीला लावत जा. तुम्ही आधी बोटीवर, मग मशिदीत. तुमची पाठ वळली, बांग कानावर आली, की ती एका हातात उदाचं धुपाटणं आणि दुसऱ्या हातानं काटा मागे. मी कितीदा सोबत होते. एकदा म्हणाले, अगं सांग ना त्यांना. तर म्हणाली, कशाला, सगळ्या गावाला वेळ सांगत फिरतात, त्यात त्यांना बरं वाटतं."
मी म्हणालो, पण तिला तर वेळेचं काही कळत नाही.
सौमूनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "मुअज्जिनाची मुलगी ती. वर्षातल्या कुठल्या दिवशी मघारिबी किती मिनिटांनी होते ते तोंडपाठ आहे तिला. तुम्ही कधी विचारलंत?"
मी म्हणालो, येतो. सूर्य तेव्हा घराच्या कौलांवर होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार. अल्फजिरी.
उठलो. झोपलोच नव्हतो, तरी उठलो असं धरू. पहिल्या बोटीनं ब्वेनीला जाणार. तिची समजूत काढणार. काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले आहेत. एकूण सात.

अधुहुरी.
रेहेमाच्या घरी पोचलो. रेहेमा दारातच म्हणाली, ती पहाटेच्या बसनं गेली. मी म्हणालो, मी पहिल्याच बोटीनं आलो. रेहेमा म्हणाली, "हो, पण बस त्याच्या आधीची होती." पाणी दिलं. मी प्यायलो. सात मुद्दे खिशातच राहिले.
परत येताना बोटीच्या कठड्याशी उभा होतो. उतार तिथून स्वच्छ दिसतो. माणूस पळत येत असेल तर तोंडावरचे भावसुद्धा दिसतात. सात वर्षांपूर्वी मला तेही दिसले असणार.
तिची बोट ज्या घड्याळावर मी सोडली, ते घड्याळ आदल्या संध्याकाळी तिनंच बरोबर लावलं होतं. त्या रात्री ती पलीकडे अडकली, म्हणजे घड्याळ लावायला घरी कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोट एक मिनिट लेट म्हणून मी सारंगाला झापलं होतं. नोंद याच वहीत आहे, सुरुवातीच्या भरलेल्या पानांत. आता बघितली.

मघारिबी.
मशिदीत गेलो नाही. आज मी घरी थांबून घड्याळ लावायचं ठरवलं. उदाची डबी घड्याळामागेच होती.
खुर्चीवर चढलो, काच उघडली, काट्यावर बोट ठेवून उभा राहिलो. बांग झाली. पूर्ण झाली. आणि काटा कुठे आणायचा ते मला माहीत नव्हतं. बारा वाजून किती? एकतीस वर्षं बोट चालवली, तक्ता केला, त्यात मघारिबीपुढे नुसतं "बांग" लिहिलंय.
नियम ४ मोडला. दारला फोन केला. रुकियानं उचलला. म्हणाली, "बाबा, आई आत्ताच पोचलीय. बोलत नाही म्हणते." मी म्हणालो, बोलू नको म्हणावं, फक्त विचार, आज आपल्याकडे मघारिबी किती वाजता झाली. रुकिया म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हणालो. तिकडे बराच वेळ नुसतं बाळ कुरकुरत होतं. मग लांबून आवाज आला, "बारा वाजून सतरा मिनिटं म्हणावं. आणि खुर्चीवरून सांभाळून उतरा म्हणावं." फोन बंद झाला.
तोवर बांग होऊन किती मिनिटं गेली ते मोजायचं राहिलं. अंदाजे सतरावर आणला. उद्याची मघारिबी किती वाजता ते विचारायचंही राहिलं. उद्या पुन्हा फोन करावा लागणार.